‘बनगरवाडी’तील मेंढरे आणि औंधचा राजा

इंग्रजी कादंबरी शिकविणाऱ्या अध्यापकाचा निम्मा वेळ टीपा सांगण्यात जातो. मेलव्हिलच्या नायकाने स्वतःला इश्माएल म्हणवून घेतले की उत्पत्तीच्या पुस्तकातील हागारेचा परागंदा मुलगा वर्गात आणावा लागतो. फॉक्नरने १९३६ साली आपल्या कादंबरीला अबशालोमाचे नाव दिले की दाविदाचा पुत्रशोक सांगितल्यावाचून पुढे सरकता येत नाही. स्टाइनबेकने १९५२ साली एदेनच्या पूर्वेचा निर्देश केला की काइन आणि हाबेल हे दोघे भाऊ समोर उभे करावे लागतात. हे सर्व योग्यच आहे. त्या लेखकांनी तो पूर्वकथेचा धागा हेतुपुरस्सर विणलेला असतो आणि तो न दिसला तर वस्त्राची नक्षीच दिसत नाही. परंतु ह्या सवयीचा एक परिणाम असा होतो की, आमच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा बुद्धिमान विद्यार्थी मराठी कादंबरी हाती घेतो तेव्हाही प्रथम तेच धागे शोधू लागतो, आणि जे धागे त्याच्या पायाखालच्या मातीतून निघालेले असतात, ते त्याला दिसेनासे होतात. ह्याचे आम्हास ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. तिच्यात लोकांना ऐकू येणारे बायबलचे पडसाद आणि फारसे कोणाला ऐकू न येणारे इतिहासाचे पडसाद, ह्या दोहोंविषयी येथे थोडे लिहावयाचे योजिले आहे.

‘बनगरवाडी’ १९५५ साली मौज प्रकाशनाने काढली. आकाराने ती लहान आहे आणि कथानक म्हणावे असे तिच्यात फारसे नाही. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा एक कोवळा मास्तर औंध संस्थानाच्या नोकरीत धनगरांच्या एका वाडीवर शाळा चालविण्यास जातो. वृद्ध कारभारी, त्याची मुलगी अंजी, आयबू मुलाणी, आनंदा रामोशी, बैलाच्या जोडीला स्वतःचा खांदा देणारी शेकूची बायको अशी माणसे त्याला भेटतात. सर्वांच्या श्रमांतून वाडीत एक तालीम उभी राहते, तिच्या उद्घाटनास प्रत्यक्ष राजा येतो. पुढे कारभारी मरतो, दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस होते. एवढेच. त्याच १९५५ साली लेखकाचे वडील बंधू ग. दि. माडगूळकर ह्यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून घरोघर ऐकू येऊ लागले होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. एक भाऊ साऱ्या महाराष्ट्राला रामकथा ऐकवीत होता, आणि दुसरा भाऊ रामाचा, पांडवांचा किंवा कोणाही पौराणिक पुरुषाचा आधार न घेता माणदेशच्या माळावरची गोष्ट सांगत होता. दोघेही माडगुळ्याचेच.

ह्या निराधारपणाचे मोल कळण्यासाठी सांगलीच्याच दुसऱ्या लेखकाकडे पाहावे. वि. स. खांडेकर ह्यांचा जन्म १८९८ साली सांगलीस झाला. त्यांच्या कादंबऱ्यांची नावेच पूर्वकथांच्या पेढीवर काढलेल्या हुंड्या आहेत : ‘कांचनमृग’, ‘क्रौंचवध’ आणि १९५९ सालची ‘ययाति’. ह्यांतील शेवटच्या कादंबरीस १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने तिचे नाव देशभर गेले. खांडेकर ही हुंडी जशीच्या तशी वटवीत नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. महाभारतातला ययाति पुत्राचे यौवन हजार वर्षे भोगतो. खांडेकरांचा ययाति त्या क्रूर देवघेवीने लवकरच भानावर येतो. महाभारतात संजीवनी मिळताच देवलोकी परतणारा कच येथे कथेचा नैतिक कणा होऊन बसतो. हे फेरफार ज्या वाचकाला मूळ आख्यान ठाऊक आहे, त्यालाच लागतात, आणि ते त्याला ठाऊक असणारच अशी खांडेकरांची खात्री होती. अर्थात् त्यांच्या पद्धतीत लेखक व वाचक ह्यांच्यामध्ये एक जुना करार आहे. आमच्या मते खांडेकर कधी कधी त्या करारावर जरुरीपेक्षा अधिक विसंबतात. दृष्टांत पुढे येतो आणि माणूस मागे राहतो. माडगूळकरांनी तो करारच केला नाही.

असे असून ‘बनगरवाडी’ वाचताना इंग्रजी शिकलेल्या वाचकाला बायबल आठवते, ही गोष्ट खरी आहे, आणि तिचे कारण केवळ पढीक सवय हे नव्हे. मेंढरे, माळ, विहीर, तंबूसारखी घरे, कळपाच्या मालकीवरून आणि चराईवरून होणारे तंटे, अवर्षण, आणि अखेरीस धान्य जेथे असेल तेथे सगळ्या कुळाचे निघून जाणे, हा सर्व उत्पत्तीच्या पुस्तकाचाच प्रपंच आहे. अब्राहाम दुष्काळामुळे मिसर देशात उतरला. त्याच्या आणि लोटाच्या गुराख्यांत कुरणावरून भांडण झाले, तेव्हा दोघांनी दोन वाटा धरल्या. याकोबाच्या मुलांना धान्यासाठी मिसरास जावे लागले. कारभाऱ्यासारखा, ज्याचा शब्द हाच कायदा असा, लांब आयुष्य पाहिलेला कुलवृद्धही तेथे आहे.

ह्या स्मरणाला आणखी बळ मिळाले ते भाषांतराच्या नावाने. राम देशमुख ह्यांनी केलेले ह्या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९५८ साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव मूळ नावाचे भाषांतर नव्हे; ‘त्या गावाला भिंती नव्हत्या’ अशा अर्थाचे ते नवेच नाव आहे. आता इंग्रजी बायबलात वाढलेल्या वाचकाला तटबंदी नसलेली गावे म्हटल्याबरोबर दोन जागा आठवल्या तर त्यात नवल नाही. यहेज्केलच्या पुस्तकात परचक्राचा सेनानी म्हणतो की, कोट-दरवाजे नसलेल्या, निर्धास्त राहणाऱ्या गावांवर मी चालून जाईन. जखऱ्याच्या पुस्तकात उलट, माणसे आणि गुरे इतकी होतील की यरुशलेम भिंतींवाचून वसेल, असे आश्वासन आहे. एका जागी भिंत नसणे म्हणजे असहाय असणे. दुसऱ्या जागी भिंत नसणे म्हणजे समृद्ध असणे. ‘बनगरवाडी’च्या पूर्वार्धात, तालीम बांधली जाते तेव्हा, दुसरा अर्थ लागू पडतो, उत्तरार्धात, दुष्काळ चालून येतो तेव्हा, पहिला. एखाद्या परीक्षार्थ्याने हे लिहिले तर त्याला चांगले गुण द्यावे लागतील.

तथापि येथे थांबून विचार केला पाहिजे. आपल्या अलंकारशास्त्राने शब्दातून उमटणारा ध्वनी आणि दोन वस्तूंमधले नुसते साम्य ह्यांत भेद केला आहे. ध्वनी शब्दाच्या योजनेतून आणि संदर्भातून निघतो. साम्य हे पाहणाऱ्याच्या स्मरणातून निघते. माडगूळकरांच्या शब्दांत बायबलचा ध्वनी कोठे आहे, असे विचारले तर बोट ठेवण्यास जागा सापडत नाही. जे आहे ते साम्य, आणि त्याचे कारण साधे आहे : कमी पावसाच्या मुलखात मेंढरे पाळणारी माणसे कनानात असोत की आटपाडीच्या माळावर असोत, त्यांच्या चिंता सारख्याच असतात.

एक मोठा फरक मात्र ह्या साम्याखाली दडून जातो. युरोपीय वाङ्मयात मेंढपाळाभोवती एक तेजोवलय आहे. दावीद मेंढरांमागून उठून राजा झाला. ख्रिस्ताने स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हटले. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णवांना सोडून जाणाऱ्या धन्याचा दृष्टांत लूकाच्या शुभवर्तमानात आहे. त्याच्या जोडीला थिओक्रिटस आणि व्हर्जिल ह्यांची गोपकाव्ये आली. मराठीत हे वलय नाही. आमच्या भक्तीने गाय आणि गोपाळ घेतले; मेंढरू घेतले नाही. ‘मेंढरासारखे’ हा शब्द आपण न विचार करता मागे जाणाऱ्या माणसाला शिवी म्हणून वापरतो. जे शब्द तेथे वात्सल्याचे, ते येथे उपहासाचे. ही अडचण मराठीत ख्रिस्तकथा आणणाऱ्यांसमोर पहिल्यापासून असली पाहिजे. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ओवीबद्ध ग्रंथाला ‘पुराण’ म्हटले. तीन शतकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी आपल्या ख्रिस्तचरित्राला रामायणाच्या वळणावर ‘ख्रिस्तायन’ असे नाव दिले. टिळक आयुष्याच्या अखेरीस १९१७ साली साताऱ्यास राहावयास आले, तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि १९१९ साली ते निवर्तले तेव्हा ते काव्य अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. तेव्हा सातारच्या मुलखात बायबल मराठी होऊन पोचले होते खरे, पण ते आले आमच्या पुराणांच्या पोशाखात. त्यातले मेंढपाळाचे वलय आमच्या धनगराच्या खांद्यावरील घोंगडीपर्यंत कधी पोचले नाही. म्हणून माडगूळकरांचे धनगर वलयावाचून येतात. ते भाबडे आहेत, हट्टी आहेत, कधी लबाडही आहेत. कोणत्याही परमेश्वराचे रूपक नाहीत. बायबलचा चष्मा लावून त्यांच्याकडे पाहिले की ते एकदम पवित्र आणि प्राचीन दिसू लागतात, आणि हीच त्या चष्म्यापासून होणारी हानी आहे.

धनगरांना स्वतःच्या पूर्वकथा नाहीत असा समज ह्यावरून कोणी करून घेऊ नये. बिरोबा, म्हसोबा, खंडोबा ह्यांच्या ओव्या त्यांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या आहेत. जेजुरीचा खंडोबा धनगराच्या बानूवर भुलला आणि म्हाताऱ्याचे रूप घेऊन तिच्या घरी चाकर राहिला, मेंढरे राखू लागला, ही कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही ? याकोबाने राहेलीसाठी लाबानाची मेंढरे सात आणि सात अशी चौदा वर्षे राखली, ती कथा हिच्याशेजारी ठेवून पाहावी. आमच्या विद्यार्थ्यांना याकोब आठवतो आणि बानू आठवत नाही. दोन्ही आठवत असत्या तर आमची काही तक्रार नव्हती.

आता इतिहासाकडे वळू. भिंती नसलेले गाव ह्या इंग्रजी नावाचा एक अर्थ मराठी माणसाला यहेज्केलवाचून कळावयास हवा, कारण त्याच्या भाषेत ‘गावकूस’ हा शब्द आहे. देशावरच्या जुन्या गावांना मातीची किंवा दगडाची भिंत असे आणि वेशीचा दरवाजा रात्री लागत असे. पेंढाऱ्यांच्या धुमाकुळात ह्या भिंतीने पुष्कळांचे प्राण वाचविले. पण त्याच भिंतीने गावाचे आतले आणि बाहेरचे असे दोन भाग केले. ‘गावकुसाबाहेरचा’ ह्या शब्दाचा दाह अजून गेलेला नाही. धनगरांची वाडी ही अशा गावापासून तुटून माळावर वसलेली. तिला कूस नाही, वेस नाही. म्हणून तेथे आनंदा रामोशी मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसू शकतो आणि आयबू मुलाणी मास्तरांचा सर्वांत जवळचा सोबती होतो. तेथे जात नव्हती असे आम्ही म्हणत नाही. पण जातीने बांधलेली भिंत तेथे मातीची नव्हती, एवढा फरक वाडीच्या रचनेतच होता.

सर्वांत मोठा ऐतिहासिक संदर्भ आहे तो राजाचा. आजचा तरुण वाचक तालमीच्या उद्घाटनाचा प्रसंग वाचतो आणि त्याला ती एक परीकथा वाटते : माळावर धनगरांनी तालीम बांधली आणि राजा पाहावयास आला ! १९५५ सालच्या वाचकाला ती परीकथा वाटली नसेल. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे नाव त्या काळी घरोघर ठाऊक होते, आणि ज्या एका वेडासाठी ते विशेष ठाऊक होते, ते व्यायामाचेच. सूर्यनमस्काराचा प्रसार हे त्यांनी जीवितकार्य मानले होते. आपल्या शाळांतून त्यांनी तो सुरू केला, त्यावर ग्रंथ लिहिला आणि १९३८ साली तो विषय इंग्रजीतून इंग्लंडातही पोचविला. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामास त्यांनी मोठे द्रव्यसाहाय्य केले. औंधच्या टेकडीवर त्यांनी उभारलेले चित्रसंग्रहालय आजही पाहावयास मिळते. असा राजा एका वाडीच्या तालमीला येईल की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्याच्या राज्यात तालीम बांधावी आणि त्याने येऊ नये, हेच विलक्षण झाले असते. कादंबरीकाराने येथे कल्पनेला अगदी थोडे ताणले आहे.

ह्या राजाची पदवीच ‘प्रतिनिधी’ अशी होती, हेही सांगून ठेवावे. छत्रपती राजारामांच्या काळात हे पद निर्माण झाले. सातारच्या गादीखालच्या जहागिरदारांत औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट अशी घराणी होती, आणि १८४८ साली डलहौसीने सातारचे राज्य खालसा केल्यावर ती थेट इंग्रजी सत्तेशी जोडली गेली. म्हणजे बनगरवाडीचे धनगर ज्याला राजा म्हणतात, तो मुळात दुसऱ्या राजाचा प्रतिनिधी, आणि तो दुसरा राजा शंभर वर्षांपूर्वीच नाहीसा झालेला. साताऱ्याच्या इतिहासाची ही गंमत आहे, आणि तीत थोडी व्यथाही आहे.

पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट १९३९ सालची. त्या वर्षी जानेवारीत औंधच्या राजांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. गांधींचा तिला आशीर्वाद आणि सल्ला होता. राजपुत्र अप्पासाहेब पंत हे ह्या कामात पुढे होते. अवघ्या ७२ गावांचे ते संस्थान. परंतु गावच्या पंचायतींना तेथे खरा कारभार मिळाला. ह्या प्रयोगाच्या मुळाशी मॉरिस फ्रिडमन नावाचा एक विलक्षण गृहस्थ होता. वॉर्सात जन्मलेला हा यहुदी अभियंता नोकरीच्या निमित्ताने बंगळूरला आला, भारतानंद ह्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि औंधच्या माळावर रमला. ज्यांना ‘बनगरवाडी’च्या आसपास बायबलातल्या वंशाचा माणूस शोधावयाचाच आहे, त्यांनी अब्राहाम सोडून ह्या फ्रिडमनचा शोध घ्यावा, तो रूपक नव्हता, प्रत्यक्ष होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत १९३९ च्या सुमारास स्थापन झाली, तीही त्याच्याच प्रेरणेने. खुनाची शिक्षा झालेली माणसे तेथे भिंतीवाचून राहू लागली. पुढे १९५७ साली शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट ह्याच वसाहतीवरून सुचला, आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. भिंती नसलेले गाव आणि भिंती नसलेला तुरुंग, ही दोन्ही आटपाडीच्या एकाच परिसरातली. आनंदा रामोश्यासारखा चोर मास्तरांशी ज्या मोकळेपणाने बोलतो, त्यात आम्हाला ह्या परिसराची हवा जाणवते. लेखकाने ती मुद्दाम दाखविली असे आमचे म्हणणे नाही; तो त्याच हवेत वाढला होता.

जे त्याने घेतले नाही, तेही पाहण्याजोगे आहे. स्वतः माडगूळकर बेचाळीसच्या चळवळीत पडले होते. नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या हालचालींचे एक प्रमुख केंद्र कुंडल हे औंध संस्थानातच होते. एवढे पेटते साहित्य हाताशी असता त्यांनी बनगरवाडीच्या गोष्टीच्या केंद्रात ते आणले नाही. एखाद्या सामान्य कादंबरीकाराने मास्तराला भूमिगत केले असते आणि तालमीत शस्त्रे लपविली असती. माडगूळकरांनी मास्तराला पाऊस नसलेल्या आभाळाखाली उभे केले. सत्ता बदलली तरी माणदेशचे पर्जन्यमान बदलत नाही, हे तेथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यातले राज्य नाहीसे होऊन सात वर्षे झाली होती. औंध १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. राजधानी औंध सातारा जिल्ह्यात राहिली, आणि आटपाडीचा मुलूख १९४९ साली निघालेल्या ‘दक्षिण सातारा’ नावाच्या नव्या जिल्ह्यात गेला. त्याच जिल्ह्याला १९६० पासून आपण सांगली म्हणतो. मास्तर ज्या दरबारचा नोकर, तो एका जिल्ह्यात आणि त्याची शाळा दुसऱ्या जिल्ह्यात, अशी आजची स्थिती आहे. म्हणून सांगलीचा विद्यार्थी ‘बनगरवाडी’ वाचतो तेव्हा औंधचा राजा आपल्या जिल्ह्यात कशासाठी आला, हे त्याला उमगत नाही. आणि साताऱ्याचा विद्यार्थी ही कादंबरी सांगलीकडची म्हणून बाजूला ठेवतो. बायबलवरची टीप कोणत्याही ग्रंथालयात मिळते. ही टीप मात्र जुन्या माणसांच्या तोंडी होती, आणि ज्यांनी त्या राजाला तालमीत नमस्कार घालताना पाहिले, ती पिढी आता उरलेली नाही.

ह्या कादंबरीच्या अभ्यासासाठी जी आवृत्ती महाविद्यालयांत लागेल, तिच्या प्रारंभी औंध संस्थानाचा एक नकाशा छापावा अशी आमची सूचना आहे. ते राज्य सलग नव्हते. औंध, कुंडल, आटपाडी आणि पलीकडे विजापूरच्या बाजूस गुणदाळ, असे त्याचे तुकडे इतरांच्या मुलखात विखुरलेले होते. नकाशावर ते ठिपके पाहिले, औंधपासून आटपाडीपर्यंतचा माळ बोटाने मोजला, म्हणजे त्या मास्तराची पहाटेची पायपीट कोणत्या राज्यातून कोणत्या राज्यात चालली होती, ते कोणालाही दिसेल.